वीस जोड

कुडाळ स्टेशनवर उतरा. 22 ऑगस्ट 1998, शनिवार. चतुर्थीला मुंबईहून थेट इथवर तुम्ही पहिल्यांदाच आगगाडीने आला आहात. काल रात्री तुमच्या डब्यात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली तसा अख्खा डबा 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून ओरडला आणि बोगदा संपेपर्यंत थांबलाच नाही. आजवर रात्रभर एसटीत कंबर मोडून घेतलेली माणसं ती. त्यांचा आनंद तुमच्या कानात अजून घुमतो आहे.

पुढे लाल एसटी, मग शेताच्या मेरेवरून पायवाट. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कर्ली नदीच्या काठच्या एका वाडीत चिऱ्याचं कौलारू घर, आणि पडवीत कमी व्होल्टेजचा लालसर बल्ब. बल्बाखाली एक म्हातारा उकिडवा बसला आहे. कमरेला पंचा, कानावर पेन्सिल. त्याच्याभोवती रंध्याची सालपटं पडली आहेत, हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. फणसाचं लाकूड.

"इलंस? वायच हय धर," आबा म्हणतात. नाव नाही, गाव नाही, प्रश्न नाही. तुम्ही पिशवी खाली ठेवता आणि पट्टीचं दुसरं टोक धरता.

माटवी चालली आहे. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. आबांच्या घरी इतकी वर्षं ती पोफळीच्या चिवट्यांची व्हायची, दर चवथीला नवी बांधायची आणि पुढे चुलीत जायची. बांधणारे आबांचे थोरले भाऊ. ते गेल्या वर्षी गेले. आबांची मुलं डोंबिवलीला, पुतणे नालासोपाऱ्याला. पाच दिवसांची रजा काढून येणाऱ्या पोरांना पोफळ फोडता येत नाही, हे आबांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून यंदा एकदाच, कायमची.

हात बघा त्यांचे. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात पस्तीस वर्षं सुतारकाम केलेलं आहे. दुसऱ्या वर्गात तेव्हा लाकडी पट्ट्यांची बाकं असत. ती बसवायची, दुरुस्त करायची, कडा मारायच्या, म्हणजे कुणाच्या धोतराला कुसळ लागू नये. मग 1977 साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. दंडवते राजापूरचे खासदार, म्हणजे आबांच्याच मतदारसंघातले. "आमचाच माणूस," आबा सांगतात, "माझा काम त्यानाच कमी केल्यान," आणि मोठ्याने हसतात. त्या हसण्यात तक्रार नाही, अभिमान आहे. कोकण रेल्वेसाठीही तोच माणूस झटला. 1990 साली महामंडळ उभं राहिलं आणि आबा निवृत्त होऊन गावी आल्यावर दोन वर्षांनी रूळ पुरे झाले. हयातभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे डबे दुरुस्त केले, आणि स्वतःच्या गावाला गाडी आली तेव्हा आबा आधीच गावी होते. मला ही गोष्ट फार लागते. आबांना लागत नाही. ते रेघ मारण्यात गुंतले आहेत.

चार फूट बाय तीन फुटांची चौकट. चार पट्ट्या लांबीच्या, पाच रुंदीच्या. जिथे जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींनाही अर्ध्या जाडीपर्यंत खाच, म्हणजे एकीत दुसरी बसून वर-खाली दोन्हीकडून सपाट. असे जोड वीस. खिळा एकही नाही. प्रत्येक जोडात बांबूची बारीक खुंटी.

आता मान खाली घालून जवळून बघा. गुण्या लावून दोन रेघा. रेघांच्या आतल्या अंगाने करवतीचे दोन काप, अर्ध्या जाडीपर्यंत. मग पटाशी. मोगरीचा ठोका हलका, जणू दार वाजवतो आहे. पिवळा तुकडा उडतो. खाचेत दुसरी पट्टी बसवतात तर ती बसत नाही. तुम्हाला वाटतं चुकली. आबा बोटाने तळ चाचपतात, पटाशी आडवी धरून कागदाइतकी साल काढतात, पुन्हा बसवतात, पुन्हा काढतात. चौथ्या वेळी मोगरीच्या एका ठोक्याने पट्टी आत जाते आणि 'टक्' असा एक कोरडा आवाज येतो.

"पावसात लाकूड फुगता," ते सांगतात. "आता सैल बसला तर मे म्हयन्यात खुळखुळतला."

लाकूड दोन वर्षं चुलीवरच्या माळ्यावर होतं. वाऱ्याने पडलेला परसातला फणस. त्याच फणसाचा पाट त्यांनी आधीच करून गणपतीच्या शाळेत देऊन टाकला आहे. कोकणात घरचा पाट शाळेत जातो आणि मूर्ती त्याच पाटावर घडते.

रविवारी रात्री आजी दारात येते. "चवथ परवा इली, आवरा आता." सोळा जोड झाले आहेत. आबा मान वर करत नाहीत. तुम्ही कंदील धरता, कारण वीज गेली आहे. विसावा जोड बसतो तेव्हा कोंबडा आरवतो.

सोमवारी घरातली पोरं रानातून भिजून येतात. कवंडळं, हरणं, शेरवाड, तिरफळांचे घोस, आंब्याचे टाळे. परसातले नारळ, सुपारीचं शिपटं, तवशी, चिबूड. कुंभयाच्या सालीच्या दोरांनी एकेक वस्तू पट्ट्यांना बांधली जाते. मग चौघं मिळून माटवी वर उचलतात आणि वाशांना टांगतात. इतका ओला भार, तरी एक जोड कुरकुरत नाही.

तुम्ही वर बघता. लाकूड दिसतच नाही. पानं, फळं, लाल कवंडळांचे गोळे, डोंगराचा अख्खा श्रावण तिथे लोंबतो आहे, आणि रात्र जागून पुऱ्या केलेल्या वीस जोडांपैकी एकही कुणाच्या नजरेला पडणार नाही. मंगळवारी पाटावरून गणपती आला, आरती झाली, शेजारीपाजारी "काय माटवी सजवल्यात!" म्हणाले. पोरं खूश झाली. आबा मागे भिंतीला टेकून टाळ वाजवत होते. माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात देखणं काम त्या दिवशी झाकलेलं होतं, आणि करणाऱ्याला तेच हवं होतं.

आता परत या, आजच्या दिवसात. फणसाचं लाकूड हवेने आणि धुराने गडद होत जातं. हळदीचा तो रंग आता काताच्या रंगावर आला आहे. आबा नाहीत. माटवी दर चवथीला माळ्यावरून उतरते, आणि डोंबिवलीचा नातू ती टांगताना टोक धरतो.

तुमच्याही घरी अशी एखादी चौकट असेल. यंदा विसर्जनानंतर पानं-फळं उतरली की लगेच तिला माळ्यावर टाकू नका. उलटी करून जोड बघा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, ही कुणी केली.