हत्ती कीं बुरूज?

घरीं लाकडाचा बुद्धिबळाचा संच घडवूं पाहणारास पटाची अडचण येत नाहीं. चौसष्ट घरांची फळी कोणीही आंखील. जुन्या देशी पटांस तर काळ्या-पांढऱ्या घरांचीही गरज नसे, नुसत्या रेघा पुरत. खरी अडचण कोपऱ्यांत येते. तेथें काय बसवावें?

तोंडानें आपण 'हत्ती' म्हणतों. बाजारांतून आणतों तो मात्र बुरूज. हा घाट इंग्लंडांतला. १८४९ सालीं नॅथॅनिएल कुक यानें तो नोंदविला आणि स्टॉन्टन या खेळाडूच्या नांवानें तो जगभर रूढ झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही याच घाटाच्या मोहऱ्यांनीं.

परंतु देशी संचाच्या अभिमान्यांनींही फार ताठूं नये. चतुरंगाचीं अंगें हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. आपल्या पटावरून रथ नाहींसा झाला व उंट आंत शिरला. अरबांचा 'फील' म्हणजे हत्तीच. पण तो उभा राहतो आपल्या उंटाच्या घरांत!

बुरुजाच्या विजयांत कातारी कामाचाही वाटा असावा, असें आम्हांस वाटतें. राजा, वजीर, उंट, प्यादीं, बुरूज हीं सारीं फिरत्या लाकडावर कातून निघतात. घोड्याचें तोंड तेवढें हातानें कोरावें लागतें. कारखान्यास हत्ती महाग पडेल. घरीं मात्र चारच कोरावयाचे: दोन शिसवीचे, दोन हळदूचे. सोंड छातीशीं चिकटलेली ठेवावी. पुढें काढल्यास ती आडव्या रेषेंत येते आणि पहिल्याच डावांत तुटते.