कक्षेत पोहोचलेल्या उपग्रहाच्या चाचणीलाही परवानगी का लागते?

दळणवळण उपग्रह कक्षेत पोहोचला, तरी सेवा लगेच सुरू होत नाही. उड्डाणाच्या हादऱ्यांत अँटेना, ट्रान्सपाँडर शाबूत राहिले का, हे आधी तपासावं लागतं. त्यासाठी सिग्नल पाठवावे लागतात आणि त्याच लहरी शेजारचा उपग्रहही वापरत असू शकतो. म्हणून भूस्थिर उपग्रहाची चाचणी अनेकदा नेमून दिलेल्या जागेऐवजी दुसरीकडे होते. मूळ परवान्यात ती जागा नसते.

अशा वेळी अमेरिकेत कंपन्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे (एफसीसी) ‘स्पेशल टेम्पररी ऑथॉरिटी’ मागतात. ही तात्पुरती परवानगी एका वेळी फार तर 180 दिवसांची असते. कुणाच्या सेवेत अडथळा आला, तर चाचणी तात्काळ थांबवायची. ग्राहकांना दिलेली तारीख जवळ आली, हे कारण मात्र नियमांनुसार पुरेसं नाही, मग कंपनीला कितीही घाई असो.

परवानगीविना काय होतं? स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीचे चार चिमुकले उपग्रह एफसीसीने नाकारले होते. इतक्या लहान उपग्रहांचा माग काढणं अवघड, हे कारण. तरीही जानेवारी 2018 मध्ये ते श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीतून गेले आणि जॉर्जियातल्या भूकेंद्रांशी त्यांचा संपर्कही झाला. कंपनीला 9 लाख डॉलर भरावे लागले.