मंगळ सोडून कुणीही

१९०० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने एक अजब बक्षीस जाहीर केलं. रक्कम १ लाख फ्रँक. दुसऱ्या एखाद्या खगोलावरच्या रहिवाशांशी संपर्क साधून जो उत्तर मिळवेल, त्याला ती द्यायची. पैसे क्लारा गुझमान नावाच्या बाईंनी आपल्या मुलाच्या नावाने ठेवले होते. अट एकच: मंगळ धरायचा नाही. मंगळावर कुणीतरी राहतं हे तर ठाऊकच आहे, त्यांच्याशी बोलण्यात काय मोठंसं!

आज हसू येतं. पण तेव्हाच्या सुशिक्षित माणसाला ही अट फारशी खटकली नसती.

सुरुवात १८७७ची. मंगळ त्या वर्षी पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. मिलानच्या वेधशाळेत जिओव्हानी स्कियापारेल्लीने त्याचा नकाशा काढला आणि त्यावर दिसलेल्या रेघांना 'कानाली' म्हटलं. या इटालियन शब्दात ओढाही बसतो आणि कालवाही. इंग्रजीत मात्र त्याचा थेट कालवा झाला. ओढा आपोआप वाहतो. कालवा म्हटलं की तो खणणारा कुणीतरी आलाच. त्यात सुएझ कालवा १८६९ साली सुरू झालेला, पुढे पनामाचं खोदकाम निघालेलं. पुढारलेली जमात कालवे खणते, हे त्या काळाला सांगावंच लागत नव्हतं.

मग आला पर्सिव्हल लॉवेल. बॉस्टनच्या गडगंज घरातला, जपान-कोरियावर पुस्तकं लिहिलेला. १८९४ साली त्याने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, २,१०० मीटर उंचीवर, स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली ती मुख्यतः मंगळासाठी. त्याची मांडणी ऐकायला देखणी होती. मंगळ लहान, म्हणून लवकर थंड झाला, लवकर म्हातारा झाला, आता कोरडा पडतोय. तिथले लोक ध्रुवांवरचं वितळलेलं बर्फ कालव्यांनी विषुववृत्तापर्यंत आणतात. आपल्याला दिसतो तो कालवा नव्हे, त्याच्या काठचा हिरवा पट्टा. आणि कालवे सगळ्या ग्रहभर पसरलेत, म्हणजे तिथे देशांच्या सरहद्दी आणि युद्धं उरलेली नसणार. पाणी संपत चाललं तरी भांडण नाही! मला वाटतं, लोकांना भुरळ पडली ती इथे, दुर्बिणीत नव्हे.

त्याला सगळ्यात जोरदार उत्तर दिलं आल्फ्रेड रसेल वॉलेसने. डार्विनबरोबरच नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सुचलेला हाच तो माणूस. १९०७ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याने लॉवेलच्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं. मंगळावरची हवा विरळ, थंडी पाणी गोठवणारी. वाळवंटातून हजारो मैल उघड्यावर पाणी न्यायचं तर ते वाटेतच आटेल. असे कालवे शहाण्यांचे नव्हेत, वेड्यांचे, हा त्याचा टोला. मंगळाबद्दल तो बरोबर होता.

पण वॉलेसला मंगळ रिकामा हवाच होता. १९०३ साली त्याने विश्वातल्या माणसाच्या स्थानावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात सूर्य ताऱ्यांच्या समूहाच्या जवळजवळ मध्यावर होता, जीवसृष्टीला लागणारी परिस्थिती फक्त इथेच जुळून आली होती, आणि या सगळ्या पसाऱ्याचं फळ म्हणजे माणूस. वर्षभराने त्याने आणखी एक मुद्दा जोडला: उत्क्रांतीत माणसापर्यंत यायला इतक्या पायऱ्या लागल्या की त्याच पायऱ्या दुसरीकडे पुन्हा पडणं जवळपास अशक्य. सूर्य मध्यावर असल्याचा दावा १९१८ साली हार्लो शॅप्लीने निकालात काढला. आपण आकाशगंगेच्या केंद्रापासून खूप लांब आहोत. पायऱ्यांच्या मुद्द्यावर मात्र शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

रेघांचं काय? ग्रिनिचच्या वेधशाळेतल्या एडवर्ड माँडरने १९०३ साली एक साधा प्रयोग केला. शाळेतल्या मुलांसमोर मंगळासारखी चकती ठेवली. तिच्यावर ठिपके, डाग, वाकडेतिकडे फराटे. सरळ रेघ एकही नाही. दिसतं ते काढा, असं सांगितलं. पुढच्या मुलांनी ठिपके काढले. काही अंतरावर बसलेल्यांनी रेघा काढल्या. १९०९ साली अँतोनियादीने पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तेव्हा रेघा फुटून डाग झाले.

लॉवेलला शुक्रावरही रेघा दिसल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. शुक्रावर तर दाट ढग, खाली काहीच दिसत नाही. पण शुक्र फार झगझगीत, म्हणून तो दुर्बिणीचं तोंड बरंच झाकून बघायचा. त्यामुळे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत इतका बारीक होतो की पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची सावली दिसू शकते. तो शुक्र म्हणून स्वतःच्याच डोळ्याचा नकाशा काढत बसला असावा, असा आता अंदाज आहे.

त्याला नुसता खुळा ठरवणं सोपं आहे. पण सर्पिल तेजोमेघ म्हणजे जन्माला येणाऱ्या सूर्यमाला असाव्यात, या समजुतीने त्याने आपला सहायक व्हेस्टो स्लायफरला त्यांचे वर्णपट घ्यायला बसवलं. १९१२ साली स्लायफरला देवयानीचा तेजोमेघ सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना आढळला. दोन वर्षांत असे पंधरा झाले, आणि त्यातले बहुतेक आपल्यापासून लांब पळत होते. १९२९ साली हबलने दीर्घिकांचं अंतर आणि वेग यांचा मेळ घातला, तेव्हा वेगाचे आकडे मुख्यतः स्लायफरचे होते. म्हणजे विश्व पसरतंय याचे पहिले आकडे, मंगळवासीयांसाठी बांधलेल्या वेधशाळेतले.

व्हेस्टोचा धाकटा भाऊ अर्ल तिथेच काम करायचा. त्याने जन्मभर मंगळाचे फोटो काढले आणि कालव्यांवरचा विश्वास कधी सोडला नाही. १९६२ साली अमेरिकी हवाई दलाने त्याच्या कामावरून मंगळाचा नकाशा छापला, त्यातही रेघा आहेत. ऑगस्ट १९६४ मध्ये तो वारला. नोव्हेंबरात मरिनर ४ निघालं. जुलै १९६५ मध्ये त्याने २२ चित्रं पाठवली. त्यात विवरं होती, चंद्रावर असतात तशी.