धुराड्याचं अस्तर

गेल्या हिवाळ्यात यॉर्कशायरहून पुतण्याचा फोन आला. १८९० च्या सुमाराचं विटांचं घर त्याने घेतलं आहे. दिवाणखान्यातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा बंद स्टोव्ह बसवायचा होता. तपासणीसाठी धुराड्यात मुद्दाम धूर सोडला, तर तो वरच्या मजल्यावर, त्याच्या तीन वर्षांच्या मुलीच्या खोलीत, भिंतीच्या फटीतून बाहेर आला. "काका, तुम्ही चुन्यावर इतकं वाचलंय. आतून कोणतं अस्तर घालू, जे लवकर बदलावं लागणार नाही?"

जुने वाडे आणि चुन्याच्या घाण्या यांच्या मागे मी वीस वर्षं हिंडलो आहे; पदवी मात्र वाणिज्य शाखेची. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. इंग्लंडचे गवंडी चुन्याच्या गाऱ्यात गाईचं शेण कालवून धुराड्याला आतून गिलावा करत. ज्यांच्या घरी सारवलेली जमीन होती त्यांना याचं नवल वाटणार नाही. शेणातले तंतू गारा धरून ठेवतात, तापून भेगा कमी पडतात. हे गिलावे शंभर वर्षांवर टिकलेले आहेत. "तेच पुन्हा कर," मी सांगून टाकलं.

नंतर शंका आली म्हणून वाचायला बसलो, आणि माझं उत्तर चुकलं होतं हे कळलं.

१६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये विटा-दगडाची बांधकामं सक्तीची झाली. दगडी कोळसा वाढला तशी धुराडी अरुंद झाली; चौदा इंच बाय नऊ इंच हे नेहमीचं माप. त्यात मोठा माणूस शिरत नाही, म्हणून लहान मुलं शिरवली जात. कोपर आणि गुडघे भिंतीला रेटत ती वर चढत आणि काजळी खरवडत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १७८८ च्या कायद्याने वयाची किमान मर्यादा आठ वर्षं ठरवली, १८४० च्या कायद्याने एकवीस. दोन्ही कायदे बहुतांशी कागदावर राहिले. केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून मेला, तेव्हा कुठे १८७५ च्या कायद्याने ही प्रथा मोडली. धुराड्याच्या अस्तरावर लिहायला बसलेला माणूस ही मुलं ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. ज्या गिलाव्याचं मी कौतुक करत होतो, त्यावर त्यांचीच कातडी सोलली जात होती.

आता माझी चूक. तो गिलावा टिकला तो उघड्या जाळावर. उघडा जाळ खोलीतली भरपूर हवा धुराबरोबर वर ओढतो. धूर पातळ होतो आणि झपाट्याने निघून जातो. बंद स्टोव्हमध्ये हवा मोजून सोडलेली असते. धूर थोडा, संथ आणि दाट. रुंद, थंड धुराड्यात तो वाटेतच निवतो, त्यातली वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश भिंतीवर बसतो. हा थर कधी पेटला तर तापमान हजार अंश सेल्सिअसवर जाऊ शकतं. शिवाय पुतण्याच्या घरात अनेक वर्षं कोळसा जळला होता. कोळशातल्या गंधकाची आम्लं ओलाव्याबरोबर चुना खातात. गिलावा भुसभुशीत होऊन ढासळतो. त्या फटींतून नुसता धूर येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो, ज्याला ना रंग ना वास. इंग्लंडमध्ये १९६५ च्या बांधकाम नियमांपासून नव्या धुराड्यांना लाइनर सक्तीचा झाला. हे घर त्याच्या कितीतरी आधीचं.

मी दुसऱ्या दिवशी फोन करून आधीचा सल्ला मागे घेतला. मातीच्या भाजलेल्या नळ्या सर्वांत दीर्घायुषी, पण त्या नव्या बांधकामात सोप्या. वळणाच्या जुन्या धुराड्यात त्या बसवायला भिंत जागोजागी फोडावी लागते. राहिला दुपदरी लवचिक पोलादी लाइनर. त्यात दोन प्रती: ३१६ आणि ९०४. ३१६ मध्ये निकेल दहा ते चौदा टक्के, ९०४ मध्ये तेवीस ते अठ्ठावीस. मॉलिब्डेनमही जवळपास दुप्पट. म्हणून आम्लापुढे ९०४ जास्त टिकतं, आणि महागही पडतं. नेहमी सुकंच लाकूड जाळणाऱ्याला ३१६ पुरतं. पुतण्याने कबूल केलं, की थंडीच्या रात्री तो अधूनमधून कोळसाही टाकणार आणि हवा कमी करून स्टोव्ह रात्रभर धुमसत ठेवणार. मग ९०४ च घे, म्हटलं. आणि हिवाळा संपताच सफाई कर, दिवाळीची वाट पाहू नको: काजळी उन्हाळाभर आत राहिली तर दमट हवेतलं पाणी शोषते आणि तिचं आम्ल होतं.

मार्चमध्ये सहा इंची लाइनर वरून सोडला. मुलीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, आणि धुराची तपासणी पुन्हा केली. या वेळी धूर छपरावरूनच निघाला. काम करताना जुन्या गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा चुलाण्यात पडला. त्यात गवताच्या काड्या दिसतात, असं पुतण्या सांगतो. तो तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. पुढच्या खेपेला घेऊन येणार आहे.