चष्माविरहित त्रिमितीय पडदा

चष्मा न लावता चित्रातील खोली दाखवणारा संगणकाचा पडदा. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंमी. अंतर असल्याने प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दृश्य दिसते व मेंदू त्यांतून खोली जाणतो (पहा : द्विनेत्री दृष्टी). चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे तत्त्व १८३८ मध्ये मांडले. फ्रेडरिक आइव्ह्‌ज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बारीक उभ्या फटींची जाळी चित्रापुढे बसवली. गाब्रिएल लिपमान यांनी १९०८ मध्ये सूक्ष्म भिंगांची योजना सुचवली.

आजचे पडदे याच दोन वाटांनी जातात. द्रव स्फटिक पडद्यावर (पहा : द्रव स्फटिक) डाव्या-उजव्या दृश्यांचे उभे पट्टे आलटून पालटून उमटतात. फटींची जाळी नको असलेला पट्टा त्या त्या डोळ्यापासून झाकते, म्हणून उजेड घटतो. दंडगोल भिंगे प्रकाश वळवतात, त्यामुळे तो फारसा वाया जात नाही. मात्र दोन दृश्यांच्या पडद्यात प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला निम्मेच आडवे बिंदू येतात आणि डोके थोडे हलले तरी दृश्ये उलटतात. डोळ्यांचा माग घेणारा कॅमेरा हा दोष बराच कमी करतो. शल्यक्रियेचे नियोजन, रेणूंच्या प्रतिकृती व खेळ यांत उपयोग. निन्टेन्डो थ्रीडीएस (२०११) या खेळयंत्रात फटींची जाळी होती.