जुन्नरला अडलेला घोडा

वाचकहो, परदेशी जाऊन आलेल्या माणसांच्या गोष्टी आपण मोठ्या हौसेने ऐकतो. तिथे भाषा कशी अडली, वाट कशी चुकली, आणि कोणा अनोळखी माणसाने घरी नेऊन कसे जेवू घातले, अशा त्या गोष्टी. आज मीही त्याच जातीची एक गोष्ट सांगणार आहे, पण जरा उलट बाजूने. या गोष्टीतला परदेश म्हणजे आपलाच मुलूख, आणि तिथले अनोळखी लोक म्हणजे आपलेच वाडवडील. गोष्ट साडेपाचशे वर्षांपूर्वीची आहे, आणि ती कल्पित नाही. ज्याच्यावर प्रसंग आला त्यानेच ती लिहून ठेवली आहे.

रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचे शहर आहे. तिथला अफनासी निकितीन हा एक साधा व्यापारी. माल घेऊन तो नदीने खाली निघाला, तो अस्त्राखानजवळ लुटारूंनी गाठले. माल गेला, तशी त्याची धर्माची पुस्तकेही गेली. बरोबरच्यांपैकी ज्यांचे घरी काही होते ते माघारी वळले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितीन या दुसऱ्या प्रकारातला. इराण ओलांडून तो होर्मुझ बंदराला आला. तिथे त्याला कळले, की हिंदुस्थानात चांगल्या घोड्यांची पैदास नाही. तिथे ओझ्याला, सवारीला बैल आणि रेडे. घोडा समुद्रावरून न्यावा, तर मोठी किंमत येते. झाले! होते नव्हते ते घालून त्याने एक उमदा घोडा घेतला, गलबतात चढवला आणि सहा आठवड्यांनी तो आपल्या चौल बंदरात उतरला. हे साल १४७० च्या आगेमागेचे. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. म्हणजे त्याच्याही पाव शतक आधी हा रशियन आपल्या मातीवर उभा होता.

लोकांनी गोरा माणूस कधी पाहिलेला नव्हता. तो जाईल तिकडे मागे ही गर्दी! हे सारे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. बायका डोक्यावर पदर न घेता हिंडतात आणि केसांची एकच वेणी घालतात, याचे त्याला नवल वाटले. घाट चढून तो जुन्नरला आला तो ऐन पावसाळ्यात. आपण ज्याला पावसाळा म्हणतो त्याला तो बापडा हिवाळा म्हणतो. चार महिने रात्रंदिवस पाणी नि चिखल, आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, असे तो लिहितो. घोड्यांना इथे हरभरा चारतात, खिचडी शिजवून घालतात, हेही त्याने टिपले आहे. शेतकरी बांधवांनो, आपल्या शेतीबद्दल एखाद्या रशियन माणसाने लिहिलेली ही पहिली ओळ असावी!

जुन्नरला त्या वेळी असदखान नावाचा बहामनी अंमलदार होता. दारी हत्ती-घोडे पुष्कळ, पण तो स्वतः फिरे तो माणसांच्या खांद्यावर. त्याची नजर या घोड्यावर गेली आणि त्याने तो काढून घेतला. हा परदेशी मुसलमान नाही, रशियातला ख्रिस्ती आहे, हे कळल्यावर खानाने पेच टाकला. आमचा धर्म घेतलास तर घोडा परत, वर एक हजार मोहरा. नाही घेतलास तर घोडा गेला, आणि वर हजार मोहरांचा दंड! विचाराला मुदत दिली चार दिवसांची.

आता या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. घरापासून हजारो कोस दूर. पदरी असलेले सारे धन त्या एका जनावरात. पुस्तके लुटली गेलेली, त्यामुळे आपले सण कोणत्या दिवशी येतात हेही त्याला नीट उमगत नव्हते. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आणि या गावात आपला म्हणावा असा एकही माणूस नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी खुरासानचा एक मातबर माणूस जुन्नरला आला. त्याचे नाव महंमद. निकितीन त्याच्यापुढे गेला आणि माझ्यासाठी रदबदली करा म्हणून विनवू लागला. त्या भल्या माणसाने विलंब केला नाही. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, याला बाटवू नका म्हणून सांगितले, आणि घोडा सोडवून आणला. ध्यानात घ्या, सोडवणारा स्वतः मुसलमान होता आणि स्वतःही दूरदेशचाच होता.

पुढे निकितीन बहामनींच्या राजधानीला, बीदरला गेला. तिथे अखेर तो घोडा विकला गेला. पण या शहरात त्याला घोड्याच्या किमतीहून मोठे असे काही मिळाले. इथवर तो खोजा युसुफ या नावाने वावरत होता. आपल्याकडची हिंदू मंडळी त्या काळी परक्याची नजर अन्नावर पडू देत नसत. प्रवासात ज्याचे त्याचे भांडे निराळे, आणि परक्याने डोकावले तर ते अन्न टाकून द्यायचे. निकितीनने मन घट्ट करून काही जणांना खरे सांगून टाकले, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी. ते ऐकल्यावर त्या लोकांनी जेवण, व्यापार, पूजाअर्चा, घरातली बायामाणसे, काहीच त्याच्यापासून झाकून ठेवले नाही. त्यांच्याबरोबर महिनाभराची वाट चालून तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. हे यांचे जेरुसलेम आहे, असे तो म्हणतो. औंढा नागनाथाला शिवरात्रीला जाणाऱ्या आपल्या लोकांना हे सहज पटेल. त्याच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटली नाही: इथली खेड्यातली माणसे अगदी उघडीवाघडी, आणि सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवणारे.

आता तुम्ही म्हणाल, कुठे जुन्नर, कुठे बीदर, आणि कुठे आमची परभणी! तर ऐका. आपला हा मुलूखही तेव्हा बहामनी राज्यातच होता. निकितीन बीदरला होता त्या काळात मलिक हसन बहरी हा तिथला एक मोठा सरदार होता. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. होय, आपल्याच पाथरीचे! ते कुटुंब विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिले होते. अहमदशहा बहामनीच्या स्वारीत त्यांचा लहानगा मुलगा कैद झाला, मुसलमान केला गेला आणि गुलाम म्हणून शाही वाड्यात वाढला. तोच हा मलिक हसन. त्याला चार दिवसांची मुदत कोणी दिली नव्हती, आणि रदबदलीला घोड्यावरून कोणी गेले नव्हते.

पुढे तो कर्तृत्वाने चढला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने, ज्या जुन्नरला निकितीनचा घोडा अडला त्याच परिसरात, १४९० साली निजामशाही उभी केली. नातू बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाला निरोप धाडला, की वाटल्यास दुसरा परगणा घ्या, पण आमच्या पूर्वजांचे पाथरी आम्हाला द्या. इमादशहाने ऐकले नाही, तेव्हा १५१८ साली त्याने ते लढून घेतले. तीन पिढ्या गेल्या, धर्म बदलला, राज्य मिळाले, तरी गावाची ओढ गेली नाही.

निकितीनला मात्र आपले गाव पुन्हा दिसले नाही. दाभोळहून तो परतीला निघाला. पण स्मोलेन्स्क शहर येण्यापूर्वीच वाटेत वारला. त्याची वही तेवढी १४७५ साली मॉस्कोला पोचली. म्हणून आज आपल्याला हे सारे ठाऊक आहे. चौलशेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, आणि १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ नावाचा चित्रपटही निघाला होता.

दोघेही परमुलखात सापडलेले. एकाच्या बाजूने बोलायला एक माणूस निघाला, दुसऱ्याच्या बाजूने निघाला नाही. दोघांच्या नशिबात एवढाच फरक.

गुरुजनहो, वर्गात हा धडा सांगाल तेव्हा सनावळीवर थांबू नका. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला बिऱ्हाडासकट माणसे परमुलखात जातात. त्यांची मुले तिथल्या शाळेच्या दाराशी उभी राहतात, आणि तशीच परगावची मुले आपल्याही शाळेत येतात. असे मूल मागच्या कोपऱ्यात एकटे डबा झाकून जेवताना दिसले, तर त्याला जवळ बसवून घ्या आणि आधी त्याचे खरे नाव विचारा.