चार तास पाच मिनिटे

१० जुलै २०१७, सोमवार. सकाळी ९.१५

राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, नेहमीच्या वेळेला उघडतो. रोखीच्या विभागातले भाव हलत नाहीत. व्यवहार सुरळीत व्हायला दुपारचे १२.३० वाजतात. तीन तास पंधरा मिनिटे वाया जातात. कारण सांगितले जाते सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाचे. दुसऱ्या दिवशी बाजार वेळेवर उघडतो आणि विषय मागे पडतो.

२३ फेब्रुवारी २०२१, मंगळवार. दुपारी ३.३०

निफ्टी १४,७०७.८० वर बंद होतो. गुरुवारी महिनाअखेरची एक्स्पायरी आहे, त्यामुळे बुधवारी वायदे आणि ऑप्शन्समध्ये गर्दी असणार.

एनएसईचे मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, आहे. कुर्ल्याला ‘निअर साइट’ आहे. मुख्य केंद्रात नोंदवलेली माहिती त्याच क्षणी तिथेही उतरते. तिसरे केंद्र चेन्नईला, हवाई अंतराने हजार किलोमीटरवर. मुंबईत काही झाले तर बाजार तिथून चालवायचा, अशी ही डिझास्टर रिकव्हरी साइट. बोलीभाषेत डीआर.

बीकेसी आणि कुर्ल्याच्या दरम्यान दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक आहेत. एक तुटली तर दुसरी चालू राहील, हा हिशोब.

२४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.००

बोरीवली स्टेशन. करोनाकाळातल्या निर्बंधांमुळे सर्वसामान्य प्रवाशांना सकाळी ७ ते दुपारी १२ लोकल बंद आहे. पहाटेची गाडी ज्याने पकडली नाही, तो घरीच. शेअर बाजारात काम करणाऱ्या बऱ्याच जणांचे टर्मिनल वर्षभरात दिवाणखान्यात आले आहे. मोबाइलवर ॲप, टेबलावर लॅपटॉप, घरचे वायफाय. त्यांचा बाजार बीकेसीच्या त्या तारांवर चालतो, पण त्या तारा कुठून जातात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

सकाळी ९.१५

बाजार उघडतो. भाव हलतात, सौदे होतात.

याच सकाळी बीकेसी-कुर्ला लिंक अस्थिर झाल्या. त्याचे जे कारण एनएसईने पुढे दिले, ते असे: दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगत खोदकाम आणि बांधकाम चालू होते. कंपन्या दोन होत्या, बिले दोन येत होती. रस्त्यावरच्या कामाने फटका मात्र दोघींच्या लिंकना दिला.

सकाळी १०.०८. बंद पडायला १ तास ३२ मिनिटे

या सुमारास निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे पडद्यावर गोठतात. शेअरचे भाव हलत आहेत, वायद्यांचे हलत आहेत, निर्देशांक तेवढा जागच्या जागी. ऑप्शन विकून बसलेल्याला काही क्षण वाटते, आपलेच नेट गेले. तो राउटर बंद करून चालू करतो. आकडा तोच.

ही पहिली उघड खूण. सौदे चालू राहतात.

१०.०८ नंतर

आत काय बिघडले, ते नंतर कळले. बाजाराची माहिती ज्यावर साठते त्या यंत्रणेला सॅन म्हणतात. पुष्कळ सर्व्हरांनी मिळून वापरायचे एकच मोठे कोठार. बीकेसीच्या सॅनवर नोंद झाली की ती कुर्ल्याला जाते, तिथून पोच येते, आणि मगच नोंद पक्की होते. एकही सौदा गहाळ होऊ नये यासाठी ही व्यवस्था.

लिंक तुटली तर बीकेसीच्या सॅनने कुर्ल्याची वाट सोडून एकट्याने काम चालू ठेवायचे, असा आराखडा होता. एनएसईच्या म्हणण्यानुसार, पुरवठादाराने केलेली मांडणी या आराखड्याप्रमाणे नव्हती. लिंक डळमळल्या आणि मुख्य केंद्रातलीच सॅन सर्व्हरांना मिळेनाशी झाली.

म्हणजे माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी केलेल्या जोडणीनेच काम अडवले. लिंक मुद्दाम तोडून, भर कामाच्या दाबाखाली चाचणी घेतल्याशिवाय असा दोष दिसत नाही. कागदावर तो नसतोच.

सकाळी ११.४०

सौदे जुळवणारी यंत्रणा ठीक आहे. सॅनवर अवलंबून असलेल्या गोष्टी बसल्या आहेत: निर्देशांक, सर्व्हेलन्स, क्लिअरिंग आणि सेटलमेंट, आणि सगळ्यांत महत्त्वाची ऑनलाइन जोखीम व्यवस्थापन यंत्रणा. कोणाच्या खात्यात किती मार्जिन आहे आणि तो किती सौदे करू शकतो, हे ती क्षणोक्षणी तपासते. तिच्याविना बाजार चालवणे म्हणजे उधारीची वही न बघता माल देत राहणे.

एनएसई वायदे विभाग थांबवते. ११.४३ ला रोखीचा विभाग. दोन्ही टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमध्ये अडचण असल्याचे बाजार जाहीर करतो. पुन्हा केव्हा सुरू होणार, ते सांगत नाही. मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू आहे.

दुपारी १२.००

बोरीवलीहून सर्वसामान्यांना लोकल खुली होते, चार वाजेपर्यंत. बाजार बंद.

दुपारी १२.१०

बंद पडून ३० मिनिटे झाली. बिघाडाला ‘आपत्ती’ जाहीर करण्यासाठी इतकीच मुदत द्यायची, असे बाजाराची नियामक सेबी पुढच्या महिन्यात लिहिणार आहे. आज तो नियम नाही.

दुपारी १२.५५

जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत, गरज पडली तर डीआरवरून. हाही त्याच नियमाचा भाग. त्या मापाने आता सौदे सुरू असायला हवे होते.

चेन्नईचे केंद्र चालू होत नाही. इमारत जळाली असती, पूर आला असता, तर प्रश्न सोपा होता. इथे यंत्रणा अर्धी चालू, अर्धी बंद. लिंक कुठल्याही क्षणी परत येईल असे वाटत राहते. प्रत्येक अर्धा तास आणखी अर्धा तास थांबायला एक कारण देतो.

दुपारी ३.१५

दिवसभराच्या बोलीवर केलेले सौदे ब्रोकर साधारण या वेळेला आपोआप स्क्वेअर ऑफ करतात. एनएसई बंद, साडेतीनला बाजार संपणार. काही ब्रोकर ग्राहकांच्या रोखीच्या पोझिशन बीएसईवर, मिळेल त्या भावाला बंद करतात. वायद्यांतल्या पोझिशन जिथल्या तिथे अडकून आहेत.

साडेतीनच्या काही मिनिटे आधी

घोषणा होते. बाजार ३.४५ ला उघडेल, ५ पर्यंत चालेल. बीएसईही वेळ वाढवते. ज्यांचे सौदे नुकतेच तोट्यात कापले गेले, त्यांनाही ही बातमी त्याच पडद्यावर दिसते.

दुपारी ३.४५

एनएसई सुरू. ११.४० पासून मोजले तर चार तास पाच मिनिटे.

संध्याकाळी ५.००

सरकारी कामकाजासाठी खासगी बँकांवर असलेली बंधने केंद्राने त्याच दिवशी उठवली आहेत. बँकांचे शेअर उसळतात. बँक निफ्टी साडेतीन टक्क्यांहून जास्त वर. निफ्टी २७४.२० अंकांनी वाढून १४,९८२. सेन्सेक्स १,०३०.२८ अंकांनी वाढून ५०,७८१.६९. मंदीच्या बाजूने जो सकाळपासून अडकला होता, त्याला बाहेर पडायला सव्वा तास मिळाला आणि तोही चढत्या भावात.

त्याच दिवशी सेबी एनएसईला बिघाडाच्या मुळाशी जाऊन अहवाल द्यायला सांगते. सोबत एक थेट प्रश्न: व्यवहार डीआर साइटवर का हलवले नाहीत?

१० मार्च २०२१. मध्यरात्रीनंतर

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे एसबीजी-२ हे डेटा सेंटर आगीत नष्ट होते. शेजारच्या एसबीजी-१ चा काही भाग जळतो. आपापल्या डीआर योजना अमलात आणा, असे कंपनीचे संस्थापक ग्राहकांना सांगतात. काहींकडे योजना नसते. काहींचा बॅकअप त्याच आवारात असतो. मुंबईतल्या बुधवारला १४ दिवस झाले आहेत.

२२ मार्च २०२१, सोमवार

एनएसई आपला खुलासा प्रसिद्ध करते: लिंक, खोदकाम, सॅनची मांडणी. त्याच तारखेला सेबीचे परिपत्रक निघते. ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, ४५ मिनिटांत उभे राहायचे, आणि गमावलेली माहिती जास्तीत जास्त १५ मिनिटांची. यातल्या ४५ ला आरटीओ म्हणतात, १५ ला आरपीओ.

जून २०२३

एनएसई, तिची क्लिअरिंग कंपनी आणि इतर काही जण मिळून ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून सेबीशी हे प्रकरण मिटवतात.

२ मार्च २०२४, शनिवार

सुट्टीच्या दिवशी बाजार उघडतो. ९.१५ ते १० मुख्य केंद्रावरून, ११.३० ते १२.३० डीआरवरून. खरे सौदे, खरे पैसे. १८ मे रोजी, पुन्हा शनिवारी, तसेच.

२८ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सकाळी ९.००

अंधेरी पूर्वेला मुख्यालय असलेले एमसीएक्स, देशातला मोठा कमॉडिटी बाजार, उघडत नाही. व्यवहार डीआर साइटवर नेतात, तरी सुरू व्हायला दुपारचे १.२५ वाजतात. खुलासा येतो की ग्राहक-संकेतांकांसारख्या माहितीसाठी यंत्रणेत आधीच ठरवून ठेवलेली मर्यादा ओलांडली गेली. असा दोष मूळ जागेबरोबर नकलेतही उतरतो. जागा बदलून तो जात नाही.

आज

बोरीवलीतल्या सीएच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सब-ब्रोकरकडे आता सॅन नाही. क्लाउड आहे, महिन्याचे भाडे आहे. डीआरसाठी चेन्नईला इमारत बांधावी लागत नाही. ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहे. दुसरी प्रत तिथे ठेवता येते. रोजचा बॅकअप स्वस्त पडतो, पण त्यावरून उभे राहायला तास किंवा दिवस जातात. छोटी जुळी यंत्रणा सतत चालू ठेवली तर काम मिनिटांत भागते आणि बिल वाढते. किती वेळ बंद राहणे परवडेल, हे आधी ठरवले तरच यातले काय घ्यायचे ते ठरते.

मुंबईतल्या दोन झोनमध्ये प्रत ठेवली तर एक इमारत पडली तरी चालेल. पण शहर एकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

तंत्राचा भाग पैसे देऊन मिळतो. उरलेले चार प्रश्न ऑफिसातच सोडवावे लागतात. दोन इंटरनेट कंपन्यांच्या तारा सोसायटीत एकाच डक्टमधून येतात का? बॅकअपवरून सगळी यंत्रणा उभी करून शेवटची कधी पाहिली? क्लाउडच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, आणि तो माणूस गावी गेला असेल तर? आणि ‘आता हलवा’ असे किती मिनिटांनी म्हणायचे, कोणी म्हणायचे?

चौथ्याचे उत्तर एका कागदावर, नाव आणि मिनिटांसह लिहून भिंतीवर लावा. बिघाड झाल्यावर ते ठरवायला बसलात, तर आणखी अर्धा तास थांबायला कारण मिळतेच.